एचएसएचं कार्ड चाललं, म्हणजे खर्च मान्य झाला असं नाही

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींना एचएसएचा (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे औषधोपचारासाठी पैसे साठवायचं करसवलतीचं खातं) फायदा तोंडपाठ असतो: पैसे भरताना कर नाही, वाढीवर कर नाही आणि औषधपाण्यावर खर्च केले तर काढतानाही नाही. घोळ होतो तो खर्च करताना. मशीनने कार्ड घेतलं की सगळं रीतसर झालं असं वाटतं. पण खर्च नियमात बसतो हे दाखवायची जबाबदारी तुमची, बँकेची नाही. नाही बसला, तर त्या रकमेवर आयकर आणि वय ६५ च्या आत असेल तर वर २० टक्के दंड.

पहिली फसगत आई-वडिलांच्या बाबतीत. दोन महिन्यांसाठी आलेल्या बाबांचं बीपी वाढतं, अर्जंट केअरच्या काउंटरवर हात आपसूक एचएसए कार्डाकडे जातो. भारतात राहणारे आई-वडील साधारणपणे करासाठी तुमचे अवलंबित धरले जात नाहीत, भले त्यांचं घर तुमच्या पैशांवर चालत असो. ते बिल साध्या कार्डाने भरा. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सचा हप्ताही यात बसत नाही.

तुम्ही स्वतः पुण्याला जाऊन रूट कॅनाल केलंत तर मात्र चालतं. फक्त ‘दातांचे काम, रु. ३०,०००’ एवढंच खरडलेली पावती घेऊन येऊ नका. पेशंटचं नाव, तारीख, काय उपचार केले आणि प्रत्येकाचे किती, हे लिहूनच घ्या. डॉक्टर कुरकुरले तरी. दात पांढरे करून घेतले असतील तर ते सौंदर्यात गेलं, औषधोपचारात नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी तिथेच घेऊन तिथेच खाल्ली, ती दोन्ही देशांत कायदेशीर असली, तर ठीक. वर्षभराचा साठा बॅगेत भरून आणलात, तर तो सहसा बसत नाही.

नवरा-बायकोनेही ओपन एनरोलमेंटचे (वर्षातून एकदा कंपनीतला विमा आणि इतर लाभ निवडायचे) फॉर्म एकमेकांना दाखवून भरावेत. एकाने नेहमीचा हेल्थ एफएसए (कंपनीमार्फत मिळणारं, औषधोपचाराच्या खर्चाचं वेगळं करसवलतीचं खातं) घेतला की दुसऱ्याला एचएसएत पैसे भरता येत नाहीत, कारण तो एफएसए जोडीदाराचाही खर्च उचलतो. फक्त दात आणि डोळ्यांपुरता मर्यादित एफएसए असेल तर अडचण नाही.

एचएसएत पैसे भरायची २०२६ ची मर्यादा एकट्याला ४,४००, कुटुंबाला ८,७५० डॉलर. कंपनी घालते ते पैसेही यातच मोजायचे. वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणारे इथेच चुकतात. जादा रक्कम तशीच राहिली तर तिच्यावर दरवर्षी ६ टक्के दंडाचा कर लागतो. रिटर्नच्या मुदतीआधी ती कमाईसकट काढून घेतली की हे टळतं.

बाबांचं बिल चुकून एचएसएतून गेलंच असेल, तर खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडे ‘चुकून काढलेली रक्कम’ परत भरायचा फॉर्म मागा. चूक ज्या वर्षी लक्षात आली, त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत (म्हणजे पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत) पैसे परत भरता येतात. मात्र असे पैसे स्वीकारायचं बंधन संस्थेवर नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहत असाल तर राज्याच्या रिटर्नमध्ये एचएसएची सवलत धरू नका; ही दोन राज्यं ती देत नाहीत.