जैसलमेरला निघालात? आमच्या या चुका टाळा

डिसेंबरात सांगलीहून आम्ही चार घरं मिळून गेलो. मिरजेहून जोधपूरची गाडी धरली, पुढे जैसलमेर. भडंगाचा डबा पहिल्याच रात्री संपला, ती चूक इथे धरत नाही.

शहराला दिलेला अर्धा दिवस मात्र धरतो. एजंटाने आखलं तसं सकाळी किल्ला, दुपारी हवेल्या, चारला सम गावच्या वाळूच्या टेकड्यांकडे पळापळ. सम ४० किलोमीटरवर. सूर्य बुडताना तिथे जत्राच असते, जीपचा धुरळा आणि स्पीकर. वाळूला एक संध्याकाळ पुरे, शहराला दोन दिवस ठेवा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किल्ल्यातच उतरायचा हट्ट. ११५६ सालचा किल्ला, आत अजून वस्ती, घरांचे पाडे म्हणजे मोहल्ले, म्हणून हौसेने खोली घेतली. पूर्वी गडीसर तलावाचं पाणी घागरीने वर यायचं, त्यामुळे जपून वापरायचे. मग नळ आले, हॉटेलं आली, सांडपाणी पायथ्याच्या मातीत मुरायला लागलं. बुरूज खचले, भिंती ढासळल्या. सांगलीत २००५ आणि २०१९ चा पूर बघितलेल्याला हे वेगळं समजवायला नको. आमच्या न्हाणीघरामागच्या पिवळ्या दगडावर हात ठेवला, तर गार ओल लागली आणि पोपडा बोटाला चिकटून आला. त्या रात्री बादली अर्धीच भरली. शिवाय किल्ल्यात राहून किल्ला दिसत नाही! खाली गावात, गच्चीवरून बुरूज दिसतील अशी खोली बघा.

किल्ल्यातली जैन मंदिरं सकाळीच गाठा. पटव्यांची हवेली ही एक नाही, पाच हवेल्या आहेत. एक बघून परत फिरू नका, आम्ही फिरलो. नथमलची हवेली दोन भावांनी अर्धी-अर्धी कोरली म्हणतात. डावी-उजवी बाजू सारखी वाटते. फरक शोधायला पोरांना बसवा, तासभर निवांत जातो.

ऊन बघून गरम कपडे घरी ठेवू नका. दुपारी टोपी लागते आणि रात्री पारा १० च्या खाली. आपल्याकडचा नेहमीचा स्वेटर तिथे पुरत नाही.

जेवायला बसलो तर वेटर म्हणाला, "केर-सांगरी?" आमच्या काकूंना वाटलं, गाव विचारतोय. "हो, सांगलीच, विश्रामबाग," म्हणाल्या. पाच मिनिटांत केरची फळं आणि खेजडीच्या, म्हणजे शमीच्या, वाळवलेल्या शेंगांची भाजी ताटात आली. बाजरीच्या भाकरीबरोबर घ्या, दोनदा मागाल.