आर्काइव्हल प्रिंट करून घेताना या चुका टाळा

गोदाघाटाची आणि पंचवटीच्या देवळांची जलरंगचित्रे किंवा छायाचित्रे आर्काइव्हल, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या, प्रिंट म्हणून छापून घेण्यासाठी नाशिकमधले पुष्कळ जण माझ्याकडे येतात, आणि पिगमेंट शाई (बारीक रंगकणांची शाई) व कॉटन रॅग (कापसाच्या तंतूंचा) कागद निवडला की चित्र शंभर वर्षे टिकणारच, असा त्यांतल्या बहुतेकांचा समज असतो. टिकाऊपणाचे ते आकडे ठरावीक प्रकाश आणि ठरावीक दमटपणा धरून काढलेले असतात. फ्रेम चुकली की त्यांचा उपयोग राहत नाही.

मला सर्वांत जास्त त्रास होतो तो घाईने केलेल्या फ्रेमचा. काही वर्षांपूर्वी श्रावणात एका चित्रकाराने चकचकीत आरसी (RC, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेल्या) कागदावरच्या पाच प्रिंट सकाळी नेल्या आणि मी थांबायला सांगूनही, दुसऱ्या दिवशीच्या प्रदर्शनासाठी त्याच संध्याकाळी माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) न लावता थेट काचेला टेकवून बसवल्या. शाईतील ग्लायकॉल हे द्रावक हळूहळू उडून जात असते, त्याला वाट न मिळाल्यामुळे काही आठवड्यांत काचेवर आतून धुरकट थर आला; पुढच्या पावसाळ्यात तर दोन प्रिंट काचेला चिकटल्या आणि सोडवताना चित्राचा पृष्ठभागच निघून आला. त्या दोन प्रिंट मला वाचवता आल्या नाहीत.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. छापलेला कागद पंधरा मिनिटे उघडा ठेवतो, मग त्यावर साधा कोरा कागद पसरून चोवीस तास थांबतो. तो कोरा कागद लाटेसारखा वाकला तर बदलतो, आणि पावसाळ्यात हा वेळ दुप्पट करतो. फ्रेममध्ये आम्लमुक्त माउंट हवेच, कारण त्यामुळे काच आणि प्रिंट यांच्यात फट राहते. मागे हार्डबोर्ड आणि सेलोटेप नको. जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावाव्यात, म्हणजे दमट हवेत कागदाला फुगायला मोकळीक मिळते.

दुसरी तक्रार नेहमीची: ‘स्क्रीनवर उजळ होते, प्रिंट काळपट आली.’ दोष बहुधा प्रिंटरचा नसून पूर्ण उजेडावर ठेवलेल्या मॉनिटरचा असतो. मॉनिटर कॅलिब्रेट करून (त्याचे रंग व उजेड मोजून नीट बसवून) उजेड दर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेलापर्यंत (कँडेला हे उजेड मोजण्याचे एकक) उतरवावा, नेमक्या त्याच कागदाचे प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात याची फाइल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे प्रिंट कशी दिसेल त्याचा स्क्रीनवरचा नमुना, पाहावे आणि मोठी प्रिंट काढण्याआधी एक चाचणी पट्टी काढून ती दिवसाच्या उजेडात खिडकीशी नेऊन पाहावी. पट्टीचे पैसे वाचवू पाहणाऱ्यांनी पुढे पूर्ण प्रिंट दोनदा काढून घेतलेली मी पाहिली आहे.

व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल मी छापत नाही; १२ बाय १८ इंचांसाठी ३०० पीपीआयने (दर इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, आणि सॉफ्टवेअरने फुगवलेले पिक्सेल त्यांत मोजू नयेत. अतिशुभ्र दिसणाऱ्या कागदात बहुधा ऑप्टिकल ब्राइटनर (कागद पांढरा भासवणारी रसायने) असतात, ते कालांतराने निकामी होतात आणि कागद पिवळसर दिसू लागतो. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, कागदाला त्याच्यासाठीची मॅट ब्लॅक ही काळी शाईच हवी.

आवृत्ती २५ प्रतींची जाहीर केली असेल तर समासात पेन्सिलीने ३/२५ (पंचवीसपैकी तिसरी प्रत) असे लिहून सही करावी, आणि प्रत्येक प्रतीचा कागद, आकार व तारीख वहीत नोंदवावी. मागणी वाढली म्हणून सव्विसावी प्रत मागणाऱ्याला मी नकार देतो, कारण आधीच्या पंचवीस जणांनी त्या आकड्यावर विश्वास ठेवून पैसे दिलेले असतात.