लिस्बन पाहताना सुरुवात नदीवरून करावी

विमानतळावरून मेट्रोने शहराच्या मध्यात उतरून थेट टेकडीवरच्या किल्ल्याकडे जाण्याचा बहुतेक प्रवाशांचा प्रघात असतो. परंतु लिस्बन हे बंदर आहे आणि बंदराची दर्शनी बाजू पाण्याकडे असते, म्हणून पहिल्याच संध्याकाळी काइस दो सोद्रे येथून रोजच्या नोकरदारांची फेरीबोट पकडून टेगस नदीच्या पलीकडे कासिल्यासला जावे आणि त्याच मार्गाने परत यावे. परतताना डावीकडे 1966 साली खुला झालेला लाल झुलता पूल, उजवीकडे किल्ल्याची टेकडी आणि समोर उतारावर एकमेकांना खेटून उभी असलेली घरे दिसतात. शहराची ही मांडणी एकदा डोळ्यांत बसली की पुढे नकाशा वारंवार उघडावा लागत नाही. या बोटीला, मेट्रोला, ट्रामला आणि बसला चालणारे पुन्हा भरता येणारे कार्ड स्थानकावर मिळते. प्रत्येक प्रवाशाला स्वतंत्र कार्ड लागते, एकाच कार्डावर कुटुंबातील सर्वांना नेता येत नाही.

दुसरी सकाळ शहराच्या पश्चिमेकडील बेलेम या नदीकाठच्या भागासाठी ठेवावी, मात्र तो दिवस सोमवार नसावा, कारण त्या दिवशी तेथील मुख्य वास्तू बंद असतात. ट्राम गर्दीने भरलेली असते. त्यापेक्षा काइस दो सोद्रेहून कास्काइसकडे जाणारी उपनगरी गाडी पकडावी. वास्को द गामा 8 जुलै 1497 रोजी याच किनाऱ्यावरून निघाला आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात कालिकतजवळ पोहोचला. येथील जेरोनिमोस मठ सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधायला घेतला गेला, आणि त्याचा खर्च बऱ्याच अंशी मसाल्यांच्या व्यापारावरील करातून भागवला गेला, म्हणजे या नक्षीदार दगडांत मलबारच्या मिऱ्यांचा पैसा आहे. मठाच्या चौकासाठी तिकीट लागते आणि ते आधीच ऑनलाइन काढणे शहाणपणाचे ठरते. शेजारच्या चर्चमध्ये मात्र प्रवेश विनामूल्य आहे आणि वास्को द गामाची समाधी तेथेच आहे. 1524 साली कोचीत मरण पावल्यावर त्याला प्रथम तेथेच पुरले होते. अवशेष नंतर पोर्तुगालला नेण्यात आले आणि या चर्चमध्ये तर ते एकोणिसाव्या शतकात आले.

या मठाच्या कोरीवकामात दोरखंड, गाठी, समुद्री वनस्पती आणि खलाशांच्या उपयोगाचा खगोलीय गोल पुन्हा पुन्हा येतात. राजा मानुएल याच्या नावाने ही शैली ओळखली जाते. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चचे दार ज्यांनी निरखून पाहिले आहे, त्यांना तिची ओळख पटायला वेळ लागणार नाही. नदीकाठचा बेलेमचा मनोरा बाहेरूनच अधिक शोभतो, त्यामुळे आत जाण्यासाठी तासभर रांग लावण्याची गरज नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

शहरात परतल्यावर प्रासा दो कोमेर्सियो या नदीकाठच्या विस्तीर्ण चौकात यावे. जुने लिस्बनकर त्याला आजही तेरेरो दो पासो, म्हणजे राजवाड्याचे अंगण, म्हणतात. राजवाडा मात्र तेथे नाही. 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये लोक जमलेले असताना भूकंप झाला. त्यानंतर समुद्राच्या लाटा आल्या आणि कित्येक दिवस आग धुमसत राहिली. राजवाडा गेला, त्याच परिसरात पूर्वेकडील व्यापाराचा कारभार पाहणारी ‘कासा दा इंडिया’ ही कचेरीही गेली. चौकामागची बाइशा ही सरळ रेषांची वस्ती नंतर राजाचा मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्किसच्या देखरेखीखाली उभारली गेली, आणि तेथील इमारतींच्या भिंतींत धक्के सोसण्यासाठी लाकडी सांगाडे बसवले गेले. भूकंपाचा खरा अंदाज मात्र कार्मोच्या मठात येतो, कारण त्याच्या मुख्य दालनाचे छत मुद्दाम पुन्हा घातलेले नाही आणि कमानींच्या वर थेट आकाश दिसते. तेथे जाण्यासाठी 1902 साली सुरू झालेल्या सांता जुस्ता या लोखंडी लिफ्टची लांबलचक रांग धरण्यापेक्षा मागच्या चढावाने पायी जावे.

जवळच रॉसियो चौक आहे. तेथील राष्ट्रीय नाट्यगृहाच्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाच्या आरोपावरून खटले चालवणाऱ्या कॅथलिक संस्थेचे, न्यायालय होते. गोव्यात 1560 साली याच संस्थेची शाखा स्थापन झाली, त्यामुळे गोव्याच्या वाचकाने या देखण्या इमारतीसमोर घटकाभर थांबावे. बाजूच्या साओ दोमिंगोस चर्चचे खांब 1959 च्या आगीत तडकले, आणि ते तसेच ठेवलेले आहेत.

भूकंपातून बऱ्यापैकी वाचलेली आल्फामा ही अरुंद गल्ल्यांची वस्ती वरून खाली उतरत पाहावी. क्रमांक 28 ची प्रसिद्ध ट्राम पाकीटमारांनाही तितकीच प्रिय आहे, म्हणून ती मार्तिम मोनिझ या आरंभीच्या थांब्यावर सकाळी लवकर पकडावी आणि पिशवी पोटाशी धरावी. सांता लुझियाच्या सज्जावर उतरल्यास भूकंपापूर्वीचा तो नदीकाठचा चौक निळ्या फरशांच्या चित्रात पाहायला मिळतो. उतारावरचे पांढऱ्या चुनखडीचे फरसबंद रस्ते पायांनी गुळगुळीत झालेले आहेत आणि पावसात ते घसरडे होतात. चांगली पकड असलेले बूट न्यावेत. उतरून नदीकाठी आल्यावर टोकदार दगडांनी मढवलेले ‘कासा दोस बिकोस’ हे घर दिसते. गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कच्या मुलाने ते सोळाव्या शतकात बांधले.

जेवणाच्या मेजावर न मागता ठेवलेले पाव, लोणी आणि ऑलिव्ह फुकट नसतात. खाल्ले तरच त्यांचे पैसे द्यावे लागतात, म्हणून नको असल्यास ते सरळ परत पाठवावेत. शाकाहारी व्यक्तीने केवळ मांस नको असे सांगून भागत नाही, मासेही नकोत हे वेगळे सांगावे लागते. ‘काल्दो व्हेर्द’ या पालेभाजीच्या सुपातही सॉसेजची चकती असते. कॉफीच्या दुकानांत मिळणारी ‘शामुसा’ म्हणजे आपला समोसाच, मात्र आत बहुधा खिमा असतो. भाषेची धास्ती बाळगण्याचे कारण नाही, कारण पाव, बटाटा, अननस, कोबी, साबण आणि चावी हे शब्द मराठीत पोर्तुगिजांकडूनच आलेले आहेत आणि दुकानांतील पाट्यांवर ते थोड्या वेगळ्या रूपात भेटतात. पोर्तुगीजमध्ये ‘पगार’ म्हणजे पैसे देणे, त्यामुळे जेवण झाल्यावर वेटरला एवढेच म्हटले तरी आपल्याला बिल हवे आहे हे त्याला समजते.