एस्कॅटॉलॉजीच्या पेपराआधी: न्याय आणि नवी पृथ्वी वेगळे वाचू नका

बी.डी.ला (ईश्वरविद्येच्या पदवीला) एस्कॅटॉलॉजी, म्हणजे जगाच्या अंताबद्दलची ख्रिस्ती शिकवण, घेणाऱ्यांना आधीच सांगते, ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याच्या तक्त्यांपासून लांब राहा. यूट्यूबवर बाणांनी भरलेले तक्ते ढिगाने मिळतात. अर्ध्या तासात सगळं कळल्यासारखं वाटतं आणि पेपरात त्यातलं काही कामाला येत नाही. बायबलमध्ये प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायाबाहेर त्या हजार वर्षांचा थेट उल्लेखच नाही. सुरुवातीच्या शतकांतल्या ख्रिस्ती आचार्यांपैकी इरेनियस ती खरीखुरी वर्षं मानतो, ऑगस्टीन मानत नाही, आणि ख्रिस्ती मंडळी दोघांनाही आपलंच म्हणते. इ.स. ३८१ च्या विश्वासांगीकारात (मंडळीच्या श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत) एवढंच आहे की ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येईल, त्याच्या राज्याला अंत नसेल, मेलेले उठतील आणि येणाऱ्या युगाचं जीवन असेल. तेव्हा हजार वर्षांवर तुमचं ठाम मत नसेल तर झोप उडवून घेऊ नका. तारखा काढण्याचा सोस मात्र असेल, तर २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्त येणार म्हणून वाट पाहणाऱ्या, अमेरिकेतल्या विल्यम मिलर या उपदेशकाच्या हजारो अनुयायांचं काय झालं ते वाचा.

खरा सापळा दुसराच आहे, आणि मी त्यात बराच काळ होते. नोट्समध्ये ‘अंतिम न्याय’ एका प्रकरणात असतो, ‘नवे आकाश व नवी पृथ्वी’ दुसऱ्या. मग डोक्यात बसतं ते असं: न्याय झाला, पृथ्वी जळाली, वाचलेले वर गेले. मयतीच्या उपदेशांतही लहानपणापासून तेच ऐकलेलं. आता प्रकटीकरण २१ उघडा. कोणी वर जात नाही. पवित्र नगरी, नवं यरुशलेम, खाली उतरते, देव माणसांत राहायला येतो. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात सृष्टी कण्हते ती नाशाच्या दास्यातून सुटण्यासाठी.

‘पण २ पेत्र ३ मध्ये सगळं आगीत जातं ना?’ जातं. पण त्याच अध्यायात आधीचं जग जलप्रलयाने नाश पावलं असंही आहे, आणि पृथ्वी तर राहिलीच. आगीचं वचन या पाण्याच्या वचनाशिवाय वाचलं की उत्तर भरकटलंच. १३ व्या वचनात उरते ती नीतिमत्त्व जिथे वास करतं अशी पृथ्वी. अन्यायाचा निकाल लागल्याशिवाय ती कुठून येणार? समोरची बाजूही लिहा, बरं का. योहान गेरहार्डसारखे १७ व्या शतकातले लूथरन पंडित हे जग पूर्ण नष्ट होणार असंच मानत.

एवढं जड वाटलं तर फक्त स्तोत्र ९६ घ्या. देव पृथ्वीचा न्याय करायला येतो म्हणून समुद्र गर्जतो, रानातली झाडं आनंद करतात. न्यायाला आपण घाबरतो, झाडं का नाही घाबरत? या प्रश्नावर दोन दिवस घालवा, मग प्रकटीकरण ११:१८ वाचा: पृथ्वीची नासाडी करणाऱ्यांचा नाश करण्याची वेळ आली आहे. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक कच्ची असली तरी इथवर पोचता येतं.

मार्गदर्शक निवडता येत असेल तर तयार उत्तरंवाले टाळा. यशया ६५ मधल्या ‘ते घरे बांधून त्यांत राहतील’ यावर जे थांबतात आणि झोपडपट्टीचा विषय काढतात, त्यांच्याकडे जा. ते छळतील, सहन करा. आणि मत्तय २५ गोड करून लिहू नका. तिथे भुकेल्याला अन्न दिलं का, तुरुंगातल्याला भेटलात का, हेच विचारलंय. विश्वासाने तारण आणि हा न्याय एकत्र कसे बसतात, हे तोंडीला विचारतातच.