रिव्हिजन सर्जरी निवडताना: ऑपरेशनचं नाव सर्वांत शेवटी

वजन कमी करण्याचं एक ऑपरेशन होऊन काही वर्षं झालीत आणि आता दुसऱ्याचा विचार चालू आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. मी आहारतज्ज्ञ आहे. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेच्या भागात काम करते. रिव्हिजनच्या, म्हणजे अशा दुसऱ्या ऑपरेशनच्या, रुग्णांच्या फायली सर्जनकडे जाण्याआधी माझ्या टेबलावर येतात. यवतमाळ, गोंदिया, चंद्रपूर, अगदी छिंदवाड्याहूनही माणसं येतात आणि पहिलं वाक्य बहुतेकांचं सारखंच असतं: "मॅडम, वजन परत वाढून राहिलं, आता मिनी बायपास करून टाकू." मिनी बायपास म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती एकाच जोडानं खालच्या आतड्याला जोडणं. हे नाव त्यांना नात्यातल्या कुणीतरी सांगितलेलं असतं, नाहीतर मोबाइलवर पाहिलेलं असतं. निर्णयाचा हा क्रम उलटा आहे. आधी तक्रार, मग तिचं कारण, आणि ऑपरेशनचं नाव सगळ्यांत शेवटी.

जुने कागद

डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. ऑपरेशन नोट मागा, म्हणजे सर्जनने आत नेमकं काय केलं त्याची नोंद. स्लीव्ह (जठर कापून त्याची अरुंद नळी करणं) झाली असेल तर किती जाडीच्या बूजीवर, म्हणजे माप धरायच्या नळीवर, जठर कापलं, हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणं) होता का, होता तर तो शिवला का, हे त्यात असतं. बायपास झाला असेल तर किती सेंटीमीटर आतडं वळवलं ते असतं. रेकॉर्ड मिळत नाही म्हणाले तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

सोबत तीन वजनं लिहा: ऑपरेशनच्या वेळचं, सर्वांत कमी झालेलं आणि आजचं. सर्वांत कमी वजन साधारण एक ते दोन वर्षांत दिसतं आणि त्यानंतर थोडे किलो परत येणं नेहमीचं आहे. १२० वरून ७८ वर आलेलं आणि आता ८३ असलेलं माणूस रिव्हिजनसाठी आलं, तर मी त्याला परत पाठवते.

रक्त

हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), थायरॉइड, साखर. आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही करून घ्या. हिमोग्लोबिन कमी आलं की सगळे लोहाच्या गोळ्यांमागे लागतात आणि सिकलसेल तसाच राहून जातो. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तो माहीत असणं अत्यंत गरजेचं आहे. शिवाय सिकलसेलच्या रुग्णात एचबीए१सी या साखरेच्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही.

वजन का वाढलं

ही पायरी शिकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि चुकीच्या रिव्हिजन ठरतात त्याही इथेच. साधारण दोन उत्तरं ऐकायला मिळतात. एक, "पोट परत मोठं झालं." दोन, "पेशंटचं तोंडावर नियंत्रण नाही." दोन्ही उत्तरं अनेकदा आत न बघताच दिलेली असतात.

मी आधी सात दिवसांची वही लिहायला लावते. कॅलरी मोजायच्या नाहीत. काय खाल्लं, किती वेळ लागला, काय अडकलं आणि काय सहज उतरलं, एवढंच. मग एक जेवण नीट बघायचं: वाटीभर मटकीची उसळ आणि अर्धी पोळी, किंवा चिकनचे दोन तुकडे, पाण्याशिवाय, सावकाश चावून. पोट तेवढ्यात भरत असेल तर स्लीव्ह अजून तिचं काम करते आहे, आणि वजन दुसऱ्या वाटेनं येत आहे: दर तासाला चिवडा, चहा-बिस्किट, शीतपेय, संत्रा बर्फीचा तुकडा. या माणसाला दुसरं ऑपरेशन केलं तरी ती वाट उघडीच राहते.

याच्या उलट, कितीही खाल्लं तरी काही वाटत नसेल, तर जठराचा वरचा भाग पहिल्या वेळी जास्त राहिला असेल किंवा नळी खरंच ताणली गेली असेल. ते बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेवर दिसतं.

आता तिसरा प्रकार, आणि हाच सगळ्यांना फसवतो. वजन वाढलंय, पण डाळ-भाताशिवाय काही उतरत नाही. पोळी अडकते, मांस अडकते, कधी जेवणानंतर फेस येतो. इथे नळी मोठी झालेली नसून मधेच अरुंद झालेली किंवा पिळली गेलेली असते, बहुतेकदा जठराच्या वळणापाशी. घट्ट अन्न जात नाही म्हणून माणूस मऊ आणि गोड पदार्थांकडे वळतो. आइस्क्रीम, खीर, शेक, बिस्किट बुडवलेला चहा, सगळं सरळ खाली उतरतं. वजन वाढतं आणि घरचे म्हणतात, हिची जीभच सुटली. या बाईला "पोट परत लहान करू" म्हणून पुन्हा स्लीव्ह केली तर तिचे हाल होतील. तिला आधी फुग्यानं ती जागा रुंद करून घेता येते का ते पाहायचं आणि नाही जमलं तर रू-एन-वाय बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी आणि आतड्याला दोन जोड असलेला बायपास.

हे ओळखायला नुसती एंडोस्कोपी पुरत नाही. दुर्बीण थोडी ढकलली की पिळलेल्या जागेतून पुढे सरकते आणि रिपोर्टवर "नॉर्मल" लिहून येतं. असे नॉर्मल रिपोर्ट घेऊन वर्षानुवर्षं उलट्या काढणारे रुग्ण माझ्याकडे आले आहेत. म्हणून बेरियम स्वॉलो, म्हणजे बेरियमचं औषध पाजून काढलेला एक्स-रे, एंडोस्कोपीसोबतच हवा, उभं राहून, औषध खाली उतरतानाची चित्रं काढून. दोन्ही तपासण्या करणाऱ्यांना आधीच सांगा की स्लीव्ह झालेली आहे आणि घट्ट अन्न अडकतं. फक्त "वजन वाढलं" एवढंच चिठ्ठीवर असेल तर ते वेगळंच शोधतील.

चौथी तक्रार म्हणजे जळजळ. रात्री आंबट पाणी घशाशी येतं, पहाटे खोकला येतो, उशा वर चढवून झोपावं लागतं. स्लीव्हच्या अरुंद नळीत दाब वाढतो, त्यामुळे हे बऱ्याच जणांना होतं. काहींना काहीच जाणवत नाही आणि तरी अन्ननलिकेचं अस्तर बदलत जातं. म्हणून जळजळ नसली तरी एंडोस्कोपी टाळू नका. गोळी घेतली की बरं वाटतं, हे ती टाळण्याचं कारण होऊ शकत नाही.

आता नाव

जळजळ ही मुख्य तक्रार असेल तर रू-एन-वाय. या रचनेत पित्त साधारण मीटरभर खाली आतड्यात मिळतं, ते वर येत नाही. मिनी बायपासमध्ये जोड एकच असतो आणि पित्त त्या जोडाजवळून जातं. आधीच सुजलेल्या अन्ननलिकेत पित्त चढण्याची जोखीम मी तरी कुणाला घ्यायला सांगणार नाही. पुन्हा स्लीव्ह तर इथे नकोच.

जळजळ नाही, नळी चांगली आहे, पण वजन मुळातच पुरेसं उतरलं नाही आणि मधुमेह परत आला, अशा वेळी मिनी बायपास किंवा साडी-एस (SADI-S: स्लीव्हची नळी ठेवून आतड्याचा मोठा भाग वळवणं) या ऑपरेशनचा विचार होतो. स्लीव्हवरून रू-एन-वाय केलं तर जळजळ जाते, पण वजन फार उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका. साडी-एसमध्ये वजन चांगलं उतरतं. मात्र जठराची नळी तशीच राहते, शौचाला जास्त वेळा जावं लागतं, आणि प्रथिनं व ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कमी शोषली जातात. रोज ८० ग्रॅमच्या वर प्रथिनं खावी लागतात. पूर्ण शाकाहारी आणि पनीर-दूधही न चालणाऱ्या माणसाला मी साडी-एसला स्पष्ट नाही म्हणते. हे गणित त्याच्या ताटात बसत नाही.

बँड (जठराच्या वरच्या भागाभोवती बसवलेला पट्टा) असेल तर तो काढायचाच. तो जठरात रुतला असेल तर आधी काढून काही महिने थांबावं लागतं, मगच पुढचं. मिनी बायपासनंतर पित्ताच्या उलट्या होत असतील तर त्याचं रू-एन-वाय करता येतं. बायपासनंतर जोड सैल झाला असेल तर तो दुर्बिणीतून आवळता येतो.

आणि ज्यांची रचना उत्तम आहे, त्यांनी आधी औषधाचा विचार करावा. २०२५ च्या मार्चमध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन कमी करणारी इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: वर सांगितलेली उसळीची परीक्षा ज्याने पास केली, म्हणजे वाटीभर उसळीतच ज्याचं पोट भरलं, त्याने डॉक्टरांच्या देखरेखीखाली असं इंजेक्शन घेऊन बघितल्याशिवाय टेबलावर झोपू नये. रिव्हिजनमध्ये गळतीचा आणि गुंतागुंतीचा धोका पहिल्या ऑपरेशनपेक्षा जास्त असतो. ही जोखीम कारणाशिवाय घ्यायची नाही.

खर्रा

सर्जन "सिगारेट ओढता का" विचारतात, माणूस "नाही" म्हणतो आणि ते खरंही असतं. खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या मिश्रणाचं, कुणी विचारत नाही. बायपासच्या जोडावर अल्सर होतो त्यात तंबाखूचा मोठा हात आहे, आणि गुडघेदुखीसाठी रोज घेतलेल्या डायक्लोफेनॅकचाही. न विचारता सांगा. खर्रा सुटला नसेल तर बायपासची तारीख घेऊ नका.

सर्जन

रिपोर्ट न बघता ऑपरेशनचं नाव सांगणाऱ्याकडून उठून या. जो एकच प्रकारचं ऑपरेशन करतो त्याच्याकडे दुसरं मत घेऊ नका. विचारायचं ते हे: आत चिकटलेलं जास्त निघालं तर तुमचा दुसरा बेत काय?

विम्याचंही इथेच मिटवा. पॉलिसीतलं लठ्ठपणाचं कलम बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४०, किंवा गंभीर आजारांसह ३५ मागतं. ३१ बीएमआयचा माणूस जळजळीसाठी ऑपरेशन करतो तेव्हा कागदावर नुसतं "रिव्हिजन बॅरिॲट्रिक" असेल तर दावा अडकतो. सर्जनच्या पत्रात खरं कारण आणि सोबत एंडोस्कोपीचा रिपोर्ट हवा.

तारीख शक्यतो मे महिन्यातली घेऊ नका. सुरुवातीला घोट-घोट पाणी प्यावं लागतं आणि ४५ अंशांत तेवढ्यानं भागत नाही. मुलं हवी असणाऱ्या स्त्रियांनी ऑपरेशननंतर किमान वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी लागते, तेही तारखेआधी ठरवा.

घरी गेल्यावर उलट्या दोन-तीन दिवस थांबल्या नाहीत तर गावातले डॉक्टर सलाइन लावतील. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिनचं, म्हणजे बी-१ चं इंजेक्शन द्यायला सांगा. आधी ग्लुकोज गेलं तर बी-१ ची कमतरता मेंदूपर्यंत पोचू शकते. हे एका चिठ्ठीवर लिहून, ऑपरेशनचं नाव आणि सर्जनचा नंबर घालून, रुग्णाच्या आणि घरातल्या एका माणसाच्या पाकिटात ठेवा.