झाडीपट्टीच्या पडद्यामागे: नाटकाची तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्यासाठी

दिवाळी उरकली, धान कापून बांध्या (भातखाचरे) मोकळ्या झाल्या, की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. मंडई म्हटली की रात्री नाटक आलेच. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून निघालेला नाटक कंपनीचा ट्रक आज एका गावात, तर उद्या साठ-सत्तर किलोमीटरवरच्या दुसऱ्या. पडदा रात्री दहाच्या आसपास उघडतो आणि पहाट होईस्तोवर नाटक चालते. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा झाडीपट्टीचे नाव राज्यभर झाले. पण कोणत्याही गावच्या भिंतीवरचे पोस्टर वाचा, त्यावर नायक-नायिका, कॉमेडी, लावणी, गायक सगळे सापडतील. ‘तांत्रिक दिग्दर्शक’ हा शब्द सापडणार नाही.

पद नसले तरी काम आहेच. ते मॅनेजर, लाइटवाला, साउंडवाला, पडदेवाला आणि सुतार अशा पाच जणांत वाटलेले असते. ज्याला या पाचही जणांचे काम कळते आणि वेळ आली तर पाचांनाही ‘थांबा’ म्हणता येते, तो तांत्रिक दिग्दर्शक. मोठ्या शहरांतल्या संस्थांत या पदाचा माणूस नेपथ्यकाराचा आराखडा हाती घेतो आणि तो कशाने उभा राहील, वजन किती, खर्च किती, किती तासांत चढेल आणि उतरेल, हे ठरवतो. काय दिसावे हे नेपथ्यकाराचे, ते पडू नये हे याचे. प्रयोग चालू झाल्यावर इशारे देणारा रंगमंच व्यवस्थापक वेगळा, पण झाडीपट्टीत बहुतेक वेळा दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर असतात.

नवीन मुलगा पहिल्यांदा लाइटच्या बोर्डाकडे धावतो. तिकडे नंतर जा. आधी ट्रक थांबतो त्या बांधीत टेप घेऊन फिरा. मंचाची रुंदी, खोली, वरच्या आडव्या बल्लीची (लाकडी वाशाची) उंची, विंगेत मोकळी जागा किती, डीपीपासून (विजेच्या वितरण पेटीपासून) मंचापर्यंत अंतर किती, ट्रक मागून लागतो की नाही, ही सहा मापे वहीत आली पाहिजेत. अर्ध्या इंचाला एक फूट या प्रमाणात वरून दिसणारा नकाशा काढला तर तीस फुटांचा मंच पंधरा इंचांत मावतो, म्हणजे मोठ्या चार्ट पेपरवर आरामात. बाजूने दिसणारा छेदही काढा, कारण पडदा वर गेल्यावर त्याची खालची काठी पुढच्या रांगेला दिसते का, हे वरच्या नकाशात कळत नाही. अनेक गावांत प्रेक्षकांसाठी जमीन खोदून उतार करतात आणि मंच जवळपास जमिनीच्या पातळीवर ठेवतात. तिथे मागच्या माणसाची नजर वरून खाली येते, म्हणून लाइट आणि दोर झाकणारी वरची झालर थोडी वर घेतली तरी चालते. सपाट बांधीवर उंच मंच असेल तर उलटे: पहिल्या रांगेतला माणूस मान वर करून थेट तुमचे लाइट आणि दोर बघतो.

आता वीज. खेड्यातल्या प्रयोगात सर्वांत जास्त बिघाड इथेच होतो आणि जीवही इथेच जातो, म्हणून यावर वेळ घालवावा.

आधी भार मोजा. समजा दीडशे वॅटचे २४ एलईडी पार (झोताचे लाइट) आहेत: ३.६ किलोवॅट. हजार वॅटचे ६ हॅलोजन: ६ किलोवॅट. अ‍ॅम्प्लिफायर मिळून ४ किलोवॅट धरा. मेकअपची खोली, प्रेक्षकांतले दिवे, पंखे मिळून १.४. बेरीज १५ किलोवॅट. जनरेटरवर आकडा केव्हीएमध्ये लिहिलेला असतो, किलोवॅटला ०.८ ने भागले की १८.७५ केव्हीए येतात. जनरेटर काठोकाठ चालवायचा नसतो, म्हणून २५ केव्हीएचा मागवा. पंधरा किलोवॅट एकाच फेजवर टाकले तर सुमारे ६५ अँपिअर ओढले जातील. तीन फेजवर सारखे वाटले तर प्रत्येकी २२ च्या आसपास. साउंडला एक फेज स्वतंत्र ठेवा, त्यावर डिमर (लाइट मंद करणारे यंत्र) नको, नाहीतर लाइट मंद होताच स्पीकरमधून भुंग्यासारखा आवाज येतो.

अंतराचा हिशेब कोणी करत नाही. डीपी शंभर मीटरवर असेल आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाकून १६ अँपिअर ओढले, तर जाता-येता मिळून साधारण २५ व्होल्ट वाटेतच जातात. २३० चे २०५ झाले की हॅलोजन पिवळे पडतात आणि साउंडचा मिक्सर मधूनच बंद-चालू होतो. सहा चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर ही घट दहा-अकरा व्होल्टवर येते. उरलेली केबल गुंडाळी करून ठेवू नका. गुंडाळीच्या आतली उष्णता बाहेर पडत नाही, वेष्टन वितळते. ती नागमोडी पसरून ठेवा.

तीन फेजमध्ये सर्वांत घातक गोष्ट म्हणजे सैल न्यूट्रल. फेज तुटला तर त्यावरचे दिवे जातात, एवढेच. न्यूट्रल तुटला तर दोन फेज आपसांत भार वाटून घेतात आणि ज्या फेजवर भार कमी त्यावर व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढते. मिक्सर, एलईडी, मोबाइलचे चार्जर एका क्षणात जळतात. म्हणून पॅनलचा न्यूट्रल टर्मिनल स्वतः कसा, आणि तासाभराने भार चालू असताना हाताची पाठ कव्हरजवळ नेऊन बघा. शेजारच्यापेक्षा एक जागा गरम लागली तर स्क्रू सैल आहे किंवा तांब्याला अ‍ॅल्युमिनियम जोडले आहे. ती जागा पुन्हा बांधायची, पण मेन बंद करूनच.

गावात नेमके या वेळी कोणीतरी म्हणेल, ‘‘भाऊ, कायले एवढी झंझट? आकडा टाकून देतो ना, काई होत नाई.’’ आकडा, म्हणजे विजेच्या तारेवर टाकलेली चोरटी जोडणी, कधीही घ्यायचा नाही. चोरी तर आहेच, पण आकड्याला ना फ्यूज असतो ना खात्रीचा न्यूट्रल. वारा आला की ठिणग्या पडतात आणि खाली मळणीनंतरची तणस (भाताचा सुका पेंढा) पसरलेली असते. महावितरणची तात्पुरती जोडणी आयोजकांनी आधी घ्यावी, नाहीतर रात्रभर जनरेटर. हे बोलणे करार होतानाच पाटलांशी किंवा मंडळाच्या अध्यक्षांशी झाले पाहिजे; संध्याकाळी सहाला झाले तर ते भांडण असते.

अर्थिंगसाठी जस्त चढवलेला लोखंडी पाइप किंवा सळई ओलसर जागी खोल ठोका. थंडीत वरची माती कोरडी असते, म्हणून बांधाच्या कडेची, पाणी मुरलेली जागा शोधा आणि मिठाचे पाणी ओता. जनरेटरची चौकटही अर्थ करा. मेन पॅनलनंतर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असावी आणि तिचे टेस्ट बटण प्रयोगाआधी दाबून ती पडते का हे बघावे. दवामुळे ती रात्री दोनला पडू लागते. अशा वेळी तिला वगळून थेट जोडण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसे न करता एकेक सर्किट काढा; ज्याच्यावर पडते त्याचा जोड जमिनीवर ओला पडलेला सापडेल. जोड आधीच विटेवर किंवा उलट्या घमेल्याखाली ठेवले असते तर ही वेळ आली नसती.

मंचाचा पाया पाहायला वाकावे लागते, म्हणून कोणी पाहत नाही. मंच चौरस मीटरला ५०० किलो भार पेलेल असाच हवा. बारा जण एकाच वेळी नाचतात तेव्हा तो आकडा जास्त वाटत नाही. १८ मिलिमीटरच्या प्लायला दर दोन फुटांवर खालून आधार हवा. आणि उभ्या बल्ल्या कितीही जाड असल्या तरी तिरपी बल्ली नसेल तर मंच नाचाच्या ठेक्यावर डुलू लागतो. दोन माणसांनी एका बाजूने रेटा द्यावा. हलला तर चारही कोपऱ्यांत तिरप्या बांधून घ्याव्यात.

वर टांगलेल्या प्रत्येक लाइटला मुख्य हुकाशिवाय वेगळी सुरक्षा साखळी किंवा तार. सुतळीने बांधलेला हॅलोजन म्हणजे गरम दिव्याशेजारी जळणारी वात, ते अजिबात खपवून घेऊ नका. टांगणाऱ्या दोराची तुटण्याची ताकद वजनाच्या किमान दहापट धरा, आणि गाठीमुळे ती आणखी कमी होते हेही लक्षात असू द्या.

महाल, जंगल, रस्ता, झोपडी अशा रंगवलेल्या गुंडाळ्या पडद्यांची खोड वेगळी असते. खाली बांबू, दोन बाजूंनी दोर, ओढले की पडदा खालून गुंडाळत वर. रात्री दव पडले की काथ्याचा किंवा सुती दोर आखडतो आणि ताठ होतो. संध्याकाळी नेमका मंचाला टेकणारा पडदा पहाटे तीनला चार बोटे वर लटकतो आणि मागचे पाय दिसतात. शिवाय दोन दोर सारखे आखडत नाहीत, मग बांबू तिरका होऊन पडदा एका अंगाला अडकतो. खुंटीवर दीड हात दोर जास्त सोडा आणि प्रत्येक अंकानंतर पडदेवाल्याला दोर सोडून पुन्हा बांधायला सांगा. नायलॉन तेवढा आखडत नाही पण ताणाने लांबतो आणि त्याची गाठ निसटते; घेतला तर शेवटी दोन जादा वेढे.

आवाजाचे थोडक्यात. वरून टांगलेले माइक स्पीकरच्या मागच्या रेषेत हवेत, स्पीकर पुढे. शिट्टी येऊ लागेपर्यंत आवाज हळूहळू वाढवा, ज्या फ्रिक्वेन्सीवर शिट्टी येते ती इक्वलायझरवर अरुंद पट्टीत थोडी दाबा, असे दोन-तीनदा करा आणि मग एकूण आवाज पाच-सहा डेसिबल खाली आणून तिथेच थांबा. मागच्या लोकांसाठी तीस मीटरवर दुसरे स्पीकर लावले असतील तर त्यांना सुमारे ८८ मिलिसेकंदांचा विलंब द्या. आवाजाला एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद लागतात, आणि विलंब नसेल तर मागे प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येते.

एलईडी लाइट डीएमएक्सवर (बोर्डाकडून लाइटना हुकूम नेणाऱ्या तारेवर) असतील तर एका तारेवर ३२ पेक्षा जास्त नको आणि शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर लावा. तो नसला की मध्यरात्री लाइट आपोआप लुकलुकतात आणि ऑपरेटरला उगाच शिव्या बसतात.

तालमी कमी आणि प्रॉम्प्टरवर भिस्त, अशा पद्धतीत इशाऱ्यांची वही हाच आधार. इशाऱ्यांना १, २, ३ असे क्रमांक देऊ नका. १०, २०, ३० द्या. गावच्या आग्रहाखातर मध्ये एक गाणे वाढले की ते २५ मध्ये बसते. इशाऱ्याच्या अर्धा मिनिट आधी ‘तयार’, मग ‘सोड’. दुसरा कोणताही शब्द नाही. ‘आता करा’, ‘चालू द्या’ असे बोलत गेले की कधीतरी नायिका रडत असताना महालावर पडदा पडतो.

आगीसाठी डिमरजवळ कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, विंगेत वाळूच्या दोन बादल्या, डिझेलचा कॅन जनरेटरपासून आणि तणसापासून दूर. विजेच्या आगीवर पाणी नाही, आधी मेन. तो कुठे आहे हे किमान तीन जणांना माहीत हवे आणि त्यातला एक मंचावर काम नसलेला.

परवानगीचे कागद आयोजकांकडे असतात, तरी एकदा स्वतः वाचा. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकांवर बंधन आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक सणांसाठी राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. रात्रभराच्या नाटकाची ही अडचण आहे. कागदावर काय लिहिले आहे हे माहीत नसेल तर पोलीस आल्यावर मिक्सरवर बसलेला पोरगाच समोर सापडतो.

शिकायचे कुठे? आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम हा आमच्या मते सर्वांत कामाचा पाया आहे, नाट्यशास्त्राच्या पदवीपेक्षाही. मंचाची भाषा नंतर येते, शॉक बसल्यावर काही येत नाही. पुढे जायचे असेल तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची तीन वर्षे आहेत, पुण्यात ललित कला केंद्र आहे. पहिला हंगाम मात्र पडदेवाल्याच्या हाताखाली काढा. त्यांना काका म्हणा, दोर धरा, गाठी शिका. दुसऱ्या हंगामात लाइट, तिसऱ्यात साउंड. पैसे पहिल्या वर्षी फारसे नसतात आणि हंगाम उन्हाळ्याआधी संपतो, म्हणून उरलेल्या महिन्यांत लग्नाच्या मांडवांची किंवा वायरिंगची कामे धरून ठेवावी लागतात.

पहाटे नाटक संपल्यावर सगळ्यांना घाई असते. आधी अ‍ॅम्प्लिफायर बंद, मग मिक्सर, मग लाइट, शेवटी जनरेटर. उलटे केले तर स्पीकरला जो धक्का बसतो त्याने कोन फाटतो. हॅलोजन गरम असताना पेटीत नाहीत. सर्वांत आधी लागणाऱ्या वस्तू ट्रकमध्ये सर्वांत शेवटी: मंचाच्या बल्ल्या आत खोल गेल्या तर उद्या दुपारी सगळा ट्रक रिकामा करावा लागतो. ड्रायव्हरला रात्री नाटक बघत बसू देऊ नका, बाराच्या आत झोपायला लावा. पहाटेच्या धुक्यात पुढचे साठ किलोमीटर त्याच्याच हातात असतात. आणि पडदे दवाने ओले असणार, तसेच गुंडाळून न्यावे लागणार. ते पुढच्या गावात पोचल्याबरोबर, जेवणाआधी, उन्हात सोडायचे. राहून गेले तर दोन-तीन दिवसांत महालावर काळे ठिपके उठतात आणि ते धुऊन जात नाहीत, वरून रंगच द्यावा लागतो.