पाड्याला डांबरी रस्ता हवाय? आधी जंगल मोजा

2022 सरता सरता नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्यातली सीमेवरची काही गावं 'रस्ते नाहीत, आम्हाला गुजरातेत घाला' म्हणाली, तेव्हा जो तो आमदारांना निवेदन द्यायचा सल्ला देत होता. निवेदन खुशाल द्या. निधी मात्र कागद बघून येतो.

रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक आहे का, ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात बघा. नसेल तर आधी तो पाडून घ्या. मग योजना धरा. प्रधानमंत्री ग्रामसडकच्या चौथ्या टप्प्यात आदिवासी भागातला, 2011 च्या जनगणनेप्रमाणे किमान 250 लोकवस्तीचा, रस्ता नसलेला पाडाही बसतो. त्याहून लहान असेल तर आदिवासी वस्त्यांसाठीची राज्याची ठक्कर बाप्पा योजना.

आता खरी गोम: वनजमीन. आमच्या पहिल्या रस्त्याला मंजुरी आली, ठेकेदार ठरला, नि वनरक्षकाने जेसीबी अडवला. बरोबरच होतं त्याचं.

वनहक्क कायदा 2006, कलम 3(2) वाचा. रस्त्याला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन लागत असेल, हेक्टरी 75 च्या वर झाडं तुटत नसतील आणि ग्रामसभेची शिफारस असेल, तर परवानगी उपवनसंरक्षकांकडेच मिळते. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. आमचा जंगलातला तुकडा 1,100 मीटरचा. साडेसात मीटर रुंदीने 8,250, म्हणजे आरामात बसला असता. पण 'पुढेमागे एसटी येईल' म्हणून ठरावात हौसेने बारा मीटर लिहिले. झाले 13,200! प्रस्ताव परत.

म्हणून रुंदी आधी शाखा अभियंत्याला विचारा, ठराव नंतर. अभियंता आणि वनरक्षक दोघांना घेऊन टेप धरून चाला. आड येणाऱ्या प्रत्येक झाडाला चुन्याचा पट्टा मारा. साग किती, ऐन किती, मोह किती, जातवार लिहा. ठरावात कक्ष क्रमांक (वनखात्याने जंगलाच्या त्या भागाला दिलेला नंबर), लांबी, रुंदी, क्षेत्र, झाडं, सगळं हवं. 'रस्ता व्हावा ही विनंती' एवढ्यावर काही हलत नाही. आणि 'दोन तुकडे दाखवून दोन प्रस्ताव टाका' सांगणाऱ्याला चहा पाजा नि वाटेला लावा. नकाशावर तो एकच रस्ता दिसतो.

अंदाजपत्रकात मोऱ्या किती धरल्यात ते बघा. ओहोळ तीन आणि मोरी एक असेल तर तिथेच भांडा.

काम झालं की ठेकेदाराचं नाव असलेल्या फलकाचा फोटो काढून ठेवा. ग्रामसडकच्या रस्त्याची पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडे असते. दुसऱ्या पावसात आमचा उतार उखडला, तोवर फलक कुणीतरी गोठ्याच्या छपराला लावला होता.